राहता पत्ता

४ फेब्रुवारी

अहो,

मायना काय लिहावा ते सुचेना. वकीलबाई तर म्हणाल्या, "काही लिहूच नका त्यांना." म्हणून मायना 'अहो'वर भागवला आणि पत्र ठेवलं.

तुमचं समन्स मिळालं. दुपारी दुकानातच आलं. मी एका आजोबांना खुर्चीत बसवून अक्षरांचा तक्ता वाचून घेत होते. बेलिफानं सगळ्यांसमोर माझं पूर्ण नाव पुकारलं, सही घेतली आणि गेला. आजोबांनी विचारलं, "पुढची ओळ वाचू का?" मी म्हटलं, "वाचा." त्यांनी चुकीचं वाचलं आणि मी "बरोबर" म्हणाले. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढली, असं कधी झालं नव्हतं.

घटस्फोट मला नवीन नाही. गेल्या उन्हाळ्यात जेवता जेवता तुम्ही तो विषय काढलात, मी म्हटलं बघू, आणि तुम्ही पाण्याचा ग्लास उचलून बातम्या बघायला गेलात. नवीन आहे ते गाव. ज्या शहरात मी जन्मात पाऊल ठेवलं नाही, तिथल्या कोर्टात मी हजर व्हायचं. अर्जात लिहिलंय, "अर्जदार वरील पत्त्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ कायमस्वरूपी वास्तव्यास आहे." कायमस्वरूपी! आम्हाला सांगून गेलात की नव्या हॉस्पिटलच्या लिफ्ट बसवायच्या आहेत, काम संपलं की येतो. ताकाला जायचं होतं तर भांडं कशाला लपवलंत?

वकीलबाईंनी मला नीट समजावलं. घटस्फोटाचा अर्ज वाटेल तिथे टाकता येत नाही म्हणे. लग्न जिथे झालं तिथे टाकायचा, नाहीतर नवरा-बायको शेवटी जिथे एकत्र राहिले तिथे, नाहीतर अर्ज करणारा सहा महिने सलग, खराखुरा राहतोय तिथे. पहिली दोन ठिकाणं म्हणजे हे आपलंच गाव. इथलं कोर्ट माझ्या दुकानापासून चालत जाण्यासारखं. तुम्ही तिसरं धरलंत, बसनं अख्खा दिवस खाणारं. कारण काय ते न कळायला मी दूधखुळी नाही. इथल्या कोर्टाच्या पायरीवर तुम्ही दिसलात तर जो तो विचारेल, "काय हो, इकडे कुठे?" निम्म्या गावाच्या लिफ्ट तुम्हीच दुरुस्त केल्यात.

तेव्हा मी हरकत घेतेय. घटस्फोटाला नाही, गावाला. इथे मांडलंत, इथेच मोडा. माणसं बघतील तर बघू देत.

हे पत्र तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. अर्जातल्या त्या खोलीच्या पत्त्यावर पाठवलं तर तुम्ही तिथे राहता हे मीच कबूल केल्यासारखं होईल.

तुमच्या आईंना अजून सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी विचारतात, "ते हॉस्पिटल किती मजल्यांचं आहे गं?" मी रोज एक मजला वाढवते.


२१ फेब्रुवारी

फोनवर तुम्ही म्हणालात, "उगाच ताणू नकोस, इथे लवकर निकाल लागतो." मी फोन ठेवला, कारण जे तोंडात आलं होतं ते आईंसमोर बोलण्यासारखं नव्हतं. आता लिहिते. लवकर कुणाला हवाय? तुम्हाला. माझी कुठली गाडी सुटतेय?

आईंना कळलं. कोर्टाचं दुसरं पाकीट घरी आलं आणि मी दुकानात होते. त्यांनी ते फोडलं, भिंग घेऊन सबंध कागद वाचला. मी आले तेव्हा खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर कागद.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो आई. मलाही वाटलं नव्हतं की ते खरंच अर्ज..."

"ते तुमचं तुम्ही निस्तरा. मी पत्त्याचं म्हणतेय. कायमचा तिकडे राहतो म्हणजे काय? तो इथे राहतो. त्याचा थंडीचा कोट कपाटात आहे. कोट मागे ठेवून कुणी कायमचं जातं का?"

त्यांनी कागदाची घडी घातली.

"मला घेऊन चल कोर्टात. मी सांगते त्या न्यायाधीशाला. मुलगा कुठे राहतो ते आईला माहीत नसणार तर काय त्या वकिलाला?"

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचं कसं आहे ते. आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्या आल्या, तेव्हापासून मी केलेल्या एकाही गोष्टीला त्यांनी बरं म्हटलेलं नाही. माझा चहा पांचट, माझं झाडणं वरवरचं, माझी माहेरची माणसं हलक्या आवाजात बोलणारी, म्हणजे आतल्या गाठीची. तुमचं मात्र सगळं सोन्याचं. त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून वकीलबाईंसाठी मुद्दे काढले. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. मतदार यादीत नाव इथे. दात दाखवायचा डॉक्टर इथला. वाचनालयाची वर्गणी इथे. "आणि लिही," त्या म्हणाल्या, "त्याची आई इथे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका बाजूला आहोत. तुमच्यामुळे हेही बघायला मिळालं.

वकीलबाई म्हणतात, आईंना इतका प्रवास झेपणार नाही. मी एकटीच येईन. तारखेच्या आदल्या दिवशी.


१५ मार्च, तुमच्या शहरातून

उद्या तारीख. लॉजच्या खिडकीतून टायरचं दुकान दिसतं आणि त्याच्यामागे तुमचं ते हॉस्पिटल. पाचच मजली आहे. मी आईंना सांगून सांगून कुठल्या कुठे नेलं होतं.

वकीलबाईंनी मला काम दिलं होतं. "खोलीवर जाऊन बघून या. कुलूप, धूळ, काय दिसेल त्याचे फोटो काढा. अर्जापुरती खोली घेणारे पुष्कळ असतात. एक गादी टाकतात आणि महिन्यातून एकदा टपाल न्यायला येतात. शेजारीपाजारी सांगतात बरोबर." म्हणून तुम्ही कामावर असाल अशी वेळ साधून गेले.

गल्ली सापडेना. सायकल दुरुस्तीवाल्याला तुमचं नाव विचारलं, त्याला काही बोध होईना. मग म्हटलं, लिफ्टचं काम करतात, उंच आहेत. तो म्हणाला, "लिफ्टकाका! मग असं सांगा की!" हातातलं चाक टाकून कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "नकला काय भारी करतात हो. आमच्या नगरसेवकाची केली ना परवा, लोक खाली बसले हसून हसून."

नकला. तुम्ही.

दार उघडलं घरमालकिणीनं. मी म्हटलं, मी त्यांच्या गावाकडची, ओळखीची. खोटं नव्हतं. ती निवृत्त नर्स आहे, हे तिनं जिना चढायच्या आत सांगितलं. "बसा की वर, त्यांची हरकत नसते. कुणी आलं तर बसवा म्हणतात." तिच्याकडच्या किल्लीनं तुमचं दार उघडलं आणि तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्याच डब्यातून साखर काढून मला चहा केला. डबा शोधावा लागला नाही तिला.

धूळ नव्हती.

खिडकीत कुंड्या होत्या आणि माती ओली होती. माझ्या भाचीच्या बाळंतपणाला मी गेले होते, आठवतं? एका रोपाला पाणी घाला म्हणून सांगून गेले होते, आले तेव्हा त्याची काडी झाली होती. इथे तर झारीचं मोडलेलं तोंड तारेनं बांधून ठेवलंय. पडदा हातशिलाईचा. "त्यांनीच शिवलाय," नर्सबाई म्हणाल्या, "टाके मी शिकवले. जखमेला घालतात तसेच घातलेत बघा!" आणि मनापासून हसल्या. रविवारी खाली पत्ते खेळता म्हणे. हरलात की सगळ्यांना चहा.

"बोलायला लागले की थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. "कधी कधी मलाच म्हणावं लागतं, अहो आता पुरे, माझ्या गोळ्यांची वेळ झाली."

मी विचारलं, "आपण एकाच माणसाबद्दल बोलतोय ना?"

त्यांना तो विनोद वाटला.

त्या खाली दूध बघायला गेल्या तेव्हा मी झडती घेतली. होय, झडतीच. उशीखाली, न्हाणीघरात, दाराच्या खुंटीवर. बाईचं काही नव्हतं. पिन नाही, रुमाल नाही, उभ्या घरात एक लांब केस नाही. असती कुणी तर किती सोपं झालं असतं! मला तिला शिव्या घालता आल्या असत्या. तुम्ही कुणासाठी गेला नाहीत. तुम्ही नुसतेच गेलात, आणि गेल्यावर तुम्हाला पडदे शिवावेसे वाटले.

आपल्या घरात तुम्ही सोफ्याच्या कडेला बसायचात, मनगटावरचं घड्याळही न काढता. मी म्हणायचे, स्वभावच अबोल आहे. पाहुण्यांना सांगायचे, नणंदेला सांगायचे, स्वतःला तर किती वेळा सांगितलं असेन. लग्नाच्या बाविसाव्या वर्षी मला एका सायकलवाल्याकडून कळावं की माझा नवरा नकला करतो?

निघताना नर्सबाईंनी विचारलं, "यांच्या घरी कोण कोण असतं? कधी सांगत नाहीत."

"आई असते," मी म्हटलं.

"आणखी कुणी?"

"मला तरी माहीत नाही."

फोटो काढला नाही.


१९ मार्च

परवाच घरी पोचले. कोर्टात तुम्ही समोरच होतात, पण तुमची मान खाली होती, म्हणून जे झालं ते लिहून ठेवते. नाहीतर पुढेमागे म्हणाल की मी तुमच्यावर दया केली.

तुमच्या साक्षीला नर्सबाई आल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "या तर काल..." असं म्हणून त्या तुमच्याकडे बघायला लागल्या. बिचारीचा काही दोष नव्हता. तिनं मला चहा पाजला होता आणि मी तिच्या पाठीमागे उशा उचलत होते. मग तुमचा वकील उठला आणि माझ्यावर तुटून पडला. खोटं सांगून घरात का शिरलात, कुणी पाठवलं, काय शोधत होतात. आमच्या वकीलबाई हरकतीवर हरकत घेत होत्या.

न्यायाधीशांनी दोघांना गप्प केलं. वयस्कर गृहस्थ होते, घसरलेल्या चष्म्यावरून बघणारे. मला म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः ती जागा पाहिलीत. तुमची लेखी हरकत आहे की अर्जदार तिथे राहत नाहीत, फक्त अर्जापुरता पत्ता घेतलाय. आता तुम्हीच सांगा, ते तिथे राहतात का?"

वकीलबाई मानेनं नाही नाही करत होत्या. "माहीत नाही" एवढंच म्हणायचं होतं. घरून निघताना आईंनीही बजावलं होतं, "कोटाचं सांगायला विसरू नकोस."

मी म्हटलं, "राहतात."

"सहा महिने?"

"जास्तच असतील. तिथेच राहतात साहेब. आमच्याकडे ते कधी राहिले होते का, ते मात्र मला आता सांगता येणार नाही."

टंकलेखकानं विचारलं, "हे सगळं घेऊ का?"

न्यायाधीश म्हणाले, "शेवटचं वाक्य सोडून."

हरकत फेटाळली. अर्ज तिथेच चालणार. जिन्यात वकीलबाई मला म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण! मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नव्हते, गप्प बसायला सांगत होते." त्यांचं बरोबर होतं. गप्प बसण्यात मी कच्ची नाही, घरात पुष्कळ सराव झालाय. पण त्या खोलीबद्दल गप्प बसवेना.

आणि मग तुम्ही आलात. पायरीवर थांबून म्हणालात, "थँक्यू." इतक्या हळू की वकिलालाही ऐकू जाऊ नये. ते तुमचं थँक्यू परत घ्या. मी तुम्हाला काही दिलेलं नाही. मला फक्त दिसलं ते मी बोलले, आणि ते बोलताना माझी काय गत झाली ते बघायला तुम्ही मान वर केली नाहीत.

संमतीच्या कागदावर सही करून पाठवते. पुन्हा तिकडे यायला लावू नका.


३ एप्रिल

आता मी तुमच्या खोलीच्या पत्त्यावर लिहितेय. तुमचं वास्तव्य कोर्टानं मान्य केलंय, माझीही काही तक्रार उरलेली नाही. पण त्या वास्तव्याबरोबर आणखी एक गोष्ट येते. ती घ्यायला रविवारी या.

आईंना मी आल्या दिवशीच सांगितलं. काही लपवलं नाही, कुंड्यांपासून पडद्यापर्यंत. त्या भिंग पुसत ऐकत होत्या. फक्त नकलांचं ऐकून म्हणाल्या, "लहानपणी करायचा. त्याचे वडील गेल्यावर बंद झालं." मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही नाही.

मग दोन आठवडे गेले. त्या नेहमीसारख्या, चहा पांचट वगैरे. मला वाटलं, पचवलं त्यांनी. परवा दुकानातून आले तर पलंगावर त्यांची बॅग उघडी आणि त्या कपड्यांच्या घड्या घालतायत.

"कुठे निघालात?"

"मुलाकडे."

"आई, खोली आहे ती. वर जिना. तुमचे गुडघे..."

"तू पाहिलीस ना? स्वच्छ आहे म्हणालीस."

मी पलंगावर बसले. म्हटलं, "तुम्हाला कुणी जा म्हटलंय का? मी म्हटलंय? कोर्टाचं काय व्हायचं ते होऊ दे, तुम्ही इथे राहताय ना?"

त्यांनी घडी पूर्ण केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगं, मी इथे राहत होते कारण तो इथे येणार होता. तू भर कोर्टात सांगून आलीस तो तिथे राहतो म्हणून. मग मी इथे कुणाची वाट बघू?"

त्यात राग नव्हता. असता तर भांडले असते. त्यांच्या न्युमोनियात मी दुकानाला दांड्या मारून त्यांच्या पायाशी बसले होते, त्यांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही माझी होती, कारण तुम्ही कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टमध्ये होतात. आणि त्या इथे वाट बघत राहिल्या होत्या! हे घर म्हणजे थांबा होता. तुमचाही, त्यांचाही. मी त्या थांब्यावरची चहाची टपरी चालवत होते.

फोनवर तुम्ही म्हणालात, खोली लहान पडेल. कोर्टात तुमच्या वकिलानं "दोघांना पुरेशी, स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली सुसज्ज जागा" असं वाचून दाखवलं तेव्हा ती लहान नव्हती. म्हणालात, "तू त्यांना समजाव ना, तुझं ऐकतात." माझं? आईंना हे वाक्य सांगितलं. हसल्या. त्यांना हसताना मी या वर्षात बघितलं ते तेवढंच.

रविवारी सकाळी या. वर येऊ नका, खालून हाक मारा. बॅग मी आणून देईन.


९ जून

निकालाची प्रत मिळाली. स्पष्ट छापली आहे. तिथल्या कोर्टाचा शिक्का, तुमचा तिथला पत्ता, माझा इथला. आता तुमचा-माझा संबंध नाही असं त्या शहरानं ठरवलंय, जिथे मी सगळे मिळून दोन-तीन दिवस काढले.

पुन्हा लिहिणार नव्हते. काल आईंचा फोन आला म्हणून लिहितेय.

नर्सबाईंच्या फोनवरून केला होता. आधी तक्रारी झाल्या. पंखा कुरकुरतो, पाणी मचूळ आहे, खालची माणसं पत्ते खेळताना ओरडतात. मग म्हणाल्या, "तो दिवसभर कामावर असतो. रात्री येतो तो कडेला बसतो."

मी विचारलं, "बोलत नाहीत?"

"जेवण बरं झालंय म्हणतो."

"आणि नकला?"

"खाली जाऊन करतो. मला वरून ऐकू येतं, लोक हसतात ते." पुढे म्हणाल्या, "मी आले तसा तो खालीच जास्त असतो गं."

हे वाचून तुम्हाला टोचावं म्हणून मी लिहीत नाही. थोडं त्यासाठीही लिहितेय, खरं सांगायचं तर. मला वाटत होतं, तुम्ही माझ्यापाशी गप्प होतात, म्हणजे खोट माझ्यात असणार. जवळजवळ तीन महिने मी ते धरून बसले होते. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच थांबायचे, की आपल्या आवाजातच काही आहे का, ज्यानं माणसं मुकी होतात. आता तुमच्या आईही तेच भोगतायत, आणि त्यांनी तर तुम्हाला बोलायला शिकवलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

फोन अजून कानालाच होता. "या परत" हे शब्द माझ्या जिभेवर होते. पण कुठल्या नात्यानं म्हणू? वकीलबाईंना मी सहज म्हणून विचारलं होतं, सासूवर हक्क सांगायचा तर कुठल्या कोर्टात जायचं. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "सून तरी आहात का तुम्ही आता? असला अर्ज कुठल्याच कोर्टात चालत नाही." आणि आईंचा ताठा तुम्हाला माहीत आहे. मला घरी ने, असं त्या प्राण गेला तरी म्हणणार नाहीत. आम्ही दोघी नुसत्याच फोन धरून होतो. पलीकडून नर्सबाईंचा आवाज आला, "आजी, झालं का बोलून?" त्या म्हणाल्या, "हो, झालं." आणि ठेवला.

तेव्हा हे तुम्ही करायचं. तुम्ही त्यांना विचारा, परत जायचंय का. मी सांगितलंय असं म्हणू नका, नाहीतर हट्टानं नाही म्हणतील. समोर बसून विचारा, कडेला नाही. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो, तोवर उठू नका. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तुम्हाला हे माहीत नसेल.

हो म्हणाल्या तर बसची वेळ तेवढी कळवा. बाकी काही लिहू नका.